आधी पाऊस मोजा, मग मॉडेल चालवा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात शेतीवर लेख? शीर्षक बघूनच काही जण पान उलटतील, हे मला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा आणि दहा खोल्यांची दारं ठोठावा. त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरी तरी शेती निघेल. फी भरायची तारीख आणि कारखान्याचं उसाचं बिल यांचा काय संबंध असतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय आज मी जे लिहिणार आहे त्यात नांगर-कुळव कमी आणि सेन्सर, समीकरणं, कॅलिब्रेशन जास्त आहे. म्हणजे विषय आपलाच आहे. तो आपला आहे असं आजवर कुणी सांगितलं नाही, इतकंच.

विषय आहे पिकांच्या सिम्युलेशन मॉडेलचा. रोजचं हवामान, जमिनीचा प्रकार, बियाण्याचं वाण आणि पेरणीची तारीख एवढं कॉम्प्युटरला दिलं, की पीक कधी फुलेल, किती वाढेल आणि एकरी किती उतारा देईल, हे आकड्यांत सांगणारा प्रोग्राम म्हणजे पिकाचं मॉडेल. कृषी संशोधनात हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. पेरणी कधी करावी, पाणी किती द्यावं, उद्या तापमान दोन अंशांनी वाढलं तर गव्हाचं काय होईल, इथपासून ते पीक विम्याच्या हिशेबापर्यंत मॉडेल पोचलेलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की या मॉडेलांची खरी अडचण आज प्रोग्राममध्ये नाही. ती बांधावरच्या मोजमापात आहे. आणि ती सोडवायला आपल्यासारखी पोरं लागतात.

मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्याकडे पावसाचं कॅलेंडर अजून नक्षत्रांवर चालतं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघतो, मग आर्द्रा, मग 'तरणा' म्हणजे पुनर्वसू, मग 'म्हातारा' म्हणजे पुष्य, असं करत करत हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. कुठल्या नक्षत्रात पाऊस लागला तर कुठल्या पिकाचं भलं नि कुठल्याचं वाटोळं, हे जुन्या माणसांच्या तोंडावर असतं. खरिपाची पेर मृगात साधायची, रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर धरायची. आपण याला अडाण्यांचा हिशेब म्हणून हसतो. पण नीट पाहिलं तर हेही एक मॉडेलच आहे! पाऊस हे इनपुट, पीक हे आउटपुट आणि टाइम-स्टेप चौदा दिवसांची. पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी पाहून केलेलं कॅलिब्रेशन. त्याची अडचण अशी, की पावसाची चाल बदलली, वाण बदललं, विहिरीला मोटार बसली, की जुना हिशेब चुकायला लागतो आणि का चुकला ते कळत नाही.

कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये हा 'का' उघडपणे लिहिलेला असतो. त्याची टाइम-स्टेप एक दिवसाची. रोज ते मुख्यतः तीन हिशेब करतं.

पहिला हिशेब वयाचा. पीक आपलं वय दिवसांत मोजत नाही, उष्णतेत मोजतं. समजा दिवसाचं कमाल तापमान २८ अंश, किमान २० अंश. सरासरी २४. पीक ज्या तापमानाखाली वाढतच नाही ते समजा १० अंश. मग त्या दिवसाची कमाई १४ डिग्री-डे. अशी कमाई साठत साठत ठरावीक आकड्याला पोचली की फूल, पुढच्या आकड्याला पोचली की शेंग. म्हणून एकच वाण थंड हवेत उशिरा फुलतं आणि गरम हवेत लवकर.

दुसरा हिशेब उन्हाचा. पानांवर पडलेल्या उन्हातला किती भाग अडकला, त्यावर त्या दिवसाची वाढ ठरते. फिजिक्सच्या लॅबमध्ये आपण बीअरचा नियम रट्टा मारून पाठ केला, तोच इथे उभ्या पिकाला लागतो. पानांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या तिप्पट झालं, की साधारण ऐंशी टक्क्यांच्या पुढे ऊन पानांतच अडकतं. खाली जमिनीवर फारसं उरत नाही.

तिसरा हिशेब पाण्याचा, आणि आमच्या भागात सगळा खेळ याचाच. जमीन म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या बादल्या. पाऊस पडला की वरची भरते, ओसंडलं की खालची. उतारावरून काही वाहून जातं, काही ऊन उडवून नेतं, काही मुळं ओढतात. बादल्या रिकाम्या व्हायला लागल्या की मॉडेल त्या दिवसाची वाढ कापतं. खोल काळ्या जमिनीत मीटरभर खोलीपर्यंत पिकाला मिळण्याजोगं दीडशे ते दोनशे मिलीमीटर पाणी मावू शकतं. माळाच्या फूटभर मुरमाड जमिनीत तीस-चाळीस मिलीमीटर मावलं तरी पुष्कळ. रोज पाच मिलीमीटर खर्च धरा. पावसाने ओढ दिली तर काळी जमीन पिकाला महिनाभर सांभाळते, मुरमाड जमीन आठवड्यातच हात वर करते. पाऊस तोच, वाण तेच, तारीख तीच. आणि एका बांधाच्या अलीकडे पीक हिरवं, पलीकडे वाळलेलं. हे आमच्याकडे कुणीही शेतकरी दाखवील. मॉडेल त्याचं गणित मांडतं.

हे सगळं आलं कुठून? नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला डी विट यांनी १९६० च्या दशकात पानांवरच्या उन्हाचं गणित मांडलं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या मदतीने एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून १९८९ मध्ये 'डीएसएसएटी' हा मॉडेलांचा संच बाहेर पडला. आज तो फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोडही खुला आहे आणि बराचसा चक्क फोर्ट्रानमध्ये आहे! (फोर्ट्रान मेली म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) ऑस्ट्रेलियाचं 'अ‍ॅपसिम' आहे, जागतिक अन्न व कृषी संघटनेचं 'अ‍ॅक्वाक्रॉप' आहे. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रमोद अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी 'इन्फोक्रॉप' तयार केलं. म्हणजे सॉफ्टवेअरचा दुष्काळ कुठेच नाही.

पण त्याही आधीची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या पुण्याची आहे. १९३२ मध्ये हवामान विभागाने पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास. पिकं वाढतात ती जमिनीलगतच्या हवेत, मग तिथली हवा मोजायला नको का, असा साधा विचार. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन सगळ्यात थंड असते आणि वर जावं तशी हवा गरम होत जाते, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्याने जमिनीजवळ वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजलं, तर सगळ्यात थंड थर जमिनीवर नव्हताच. तो जमिनीपासून थोडा वर तरंगत होता. अनेकांनी शंका घेतली. इन्स्ट्रुमेंट चुकलं असेल म्हणाले. पण पुढे इतर ठिकाणीही तेच दिसलं आणि आज त्याला 'रामदास थर' म्हणतात. त्याचं सविस्तर गणिती स्पष्टीकरण मांडायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. ते काम बेंगळुरूला प्रा. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. म्हणजे मोजमाप आधी झालं, गणित साठ वर्षांनी आलं. माझ्या मते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ही गोष्ट सक्तीने सांगायला हवी.

आता परत आमच्या तालुक्याकडे येऊ. नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. तिथून पूर्वेला दहिवडीपर्यंत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही आणि माणात पाऊस पाचशेच्या आसपास. ही जी पावसाची घसरगुंडी आहे तिच्या अधेमधे कोरेगाव तालुका बसलेला. एका बाजूला धोमच्या कालव्याचं पाणी पोचलेली गावं, तिथे ऊस, आलं. दुसऱ्या बाजूला वाठार स्टेशन, पिंपोडे बुद्रुककडचा उत्तर कोरेगाव, जिथे अजूनही ढगाकडे बघूनच खरीप ठरतो. याच भागाचं खास पीक म्हणजे वाघ्या घेवडा. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. उत्तर हिंदुस्थानात राजमा म्हणून जो खातात त्याचाच हा भाऊबंद. याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. अडीच महिन्यांत रान मोकळं करणारं हे पीक. घेवडा निघाला की त्याच रानात रब्बीची ज्वारी. मात्र फुलात असताना पावसाने ओढ दिली तर शेंगा लागत नाहीत, आणि काढणीच्या वेळी झड लागली तर दाणा डागतो. दोन्ही बाजूंनी मार!

कुणी म्हणेल, मग चालवा की मॉडेल. डीएसएसएटीमध्ये घेवड्याच्या कुळाचं मॉडेल आहेच. आहे, खरं आहे. पण त्यात ज्या वाणांचे गुणक दिलेले आहेत त्यांत लॅटिन अमेरिकेतल्या वाणांचा भरणा. वाघ्या किती डिग्री-डेला फुलतो, त्याचं पान किती पसरतं, शेंगेत दाणा भरायला किती दिवस लागतात, हे आपल्यालाच, इथल्या रानात, इथल्या मातीत मोजून काढावं लागेल. वाण बदलून नुसतं 'रन' दाबलं तर उत्तर येईल, पण ते कोलंबियाच्या घेवड्याचं येईल.

दुसरा प्रश्न हवामानाच्या डाटाचा. हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकटी-चौकटीने मांडलेला आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटर बाजूची. तापमानाची चौकट एक अंशाची, म्हणजे शंभरेक किलोमीटर. महाबळेश्वर ते दहिवडी अंतर किती सांगितलं होतं, आठवा! अख्ख्या देशाचा अभ्यास करायला ही चौकट उत्तम; पण आमच्या माळावरचा घेवडा फुलात असताना पडलेला पाऊस तिच्यात दिसणार नाही.

राज्य सरकारने २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. फार मोठं पाऊल आहे ते. तरीही हिशेब करून बघा. राज्यात गावं चाळीस हजारांच्या वर. म्हणजे सरासरी एका केंद्रामागे वीस गावं. आमच्याकडे पाऊस वळवाच्या सरींचा. एका शिवारात ओढा वाहतो आणि टेकडीपलीकडे धूळ उडते. आमचे तात्या एका वाक्यात सांगतात, "मशीन मंडळाच्या गावात, ढग आमच्या माळावर." २०२३ मध्ये केंद्राने 'विंड्स' नावाची योजना आणली आहे, तिच्यात ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापकाचा विचार आहे. होईल तेव्हा चांगलंच. आणि ऊन? मॉडेलला ज्या चार गोष्टी रोज लागतातच, त्यांतली पहिली म्हणजे सूर्यापासून मिळालेली ऊर्जा. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळीकडे मोजतात. ऊन मोजणारी केंद्रं मोजकीच. मग ते तापमानाच्या फरकावरून किंवा उपग्रहावरून अंदाजाने भरतात. पावसाळी ढगाळ दिवसांत हा अंदाज किती खरा, हे तिथे जाऊन ऊन मोजल्याशिवाय कसं कळणार?

यावर आपले काही मित्र म्हणतील, संशोधनातला आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडलं काय? बिघडतं. कारण हा आकडा आता जर्नलमध्ये बसून राहिलेला नाही. २०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात 'यस-टेक' ही पद्धत आली. पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनासोबत तंत्रज्ञानाने, म्हणजे उपग्रह, हवामान आणि मॉडेल यांवरून काढलेल्या उत्पादनाला किमान तीस टक्के वजन द्यायचं ठरलं. आपल्या राज्यात त्या खरिपात भात, सोयाबीन आणि कापूस ही पिकं त्यासाठी धरली होती. विम्याचे नियम पुढेही बदलत राहतील, पण दिशा कुठली आहे ते स्पष्ट आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उंबरठा उत्पादन हेक्टरी १००० किलो, विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. कापणी प्रयोगात निघाले ७०० किलो. नुकसान ३० टक्के, भरपाई १५,००० रुपये. आता मॉडेलला टेकडीपलीकडचा पाऊस मिळाला आणि त्याने १००० किलो सांगितलं. सत्तर-तीसच्या वजनाने उत्पादन धरलं जाईल ७९० किलो. नुकसान २१ टक्के, भरपाई १०,५०० रुपये. हेक्टरमागे साडेचार हजारांचा फरक! कुणी लबाडी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही, नुसता पर्जन्यमापक दूर होता. उलटंही होऊ शकतं. पण चुकीच्या आकड्याने कुणाचा फायदा झाला म्हणून तो आकडा बरोबर ठरत नाही.

म्हणून माझं दोन्ही टोकांच्या मंडळींशी भांडण आहे. एक टोक म्हणतं, "कॉम्प्युटर काय सांगणार शेतीतलं? हा सगळा एसीतला खेळ." दुसरं टोक म्हणतं, "मॉडेलने सांगितलंय ना, मग झालं." पहिल्या मंडळींना मी सांगेन, की कापणी प्रयोगालाही माणसांची कमतरता आहे, तिथेही चुका होतात, आणि पावसाने पंधरा दिवस उशीर केला तर घेवडा पेरायचा की रान ज्वारीला राखायचं, हा प्रश्न तीस वर्षांच्या हवामानावर तीस वेळा खेळून बघायला मॉडेलसारखं साधन दुसरं नाही. शेतकऱ्याला एक चूक कळायला एक हंगाम घालवावा लागतो. मॉडेल तीस हंगाम संध्याकाळच्या चहाच्या आत दाखवतं. दुसऱ्या मंडळींना मी २०१३ सालचा एक अभ्यास वाचायला सांगेन. जगभरच्या शास्त्रज्ञांनी गव्हाची २७ मॉडेल्स चार ठिकाणांच्या डाटावर चालवून पाहिली; त्यातलं एक ठिकाण आपली दिल्ली. तापमान वाढवल्यावर मॉडेला-मॉडेलांत एवढा फरक पडला, की भविष्याच्या अंदाजातली अनिश्चितता हवामानाच्या मॉडेलांपेक्षा पिकांच्या मॉडेलांमुळे जास्त निघाली. आणि हे कुणाचं? ज्यांनी आयुष्य घातलं त्यांचं. ते आपल्या आकड्यापुढे कमी-जास्त लिहायला लाजत नाहीत, मग आपण का लाजावं?

आता आपण काय करायचं ते सांगतो, नाहीतर लेख म्हणजे नुसतं भाषण व्हायचं.

पहिलं काम अगदी सोपं. वीस सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं असलेला पर्जन्यमापक घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ३१४ मिलीलिटर पाणी हळूहळू ओतलं की त्याने बरोबर १० मिलीमीटर पाऊस दाखवला पाहिजे. टिपिंग बकेटवाल्या यंत्रात जोराच्या पावसात बादली उलटेपर्यंत मधलं पाणी हुकतं आणि आकडा कमी येतो. किती कमी, ते वेगवेगळ्या वेगाने पाणी ओतून काढा, आलेख काढा. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना यात टर्मवर्कचे मार्क मिळायला हरकत नसावी. यंत्र बसवताना झाड, भिंत, पत्रा यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवं, हा साधा नियम आहे. तो कुठे कुठे पाळला जातो ते सुट्टीत गावी गेल्यावर सहज बघा.

दुसरं काम हॉस्टेलचं. आपण इतक्या गावांतून आलो आहोत. प्रत्येकाने घरच्या एका रानाची चार टिपणं ठेवायची: पेरणीची तारीख, निम्म्या झाडांना फूल दिसलं ती तारीख, काढणीची तारीख आणि वजनकाट्यावरचा उतारा. फोन करून वडिलांना विचारलं तरी चालेल, पण वेळच्या वेळी. "मृगाच्या शेवटी कधीतरी" असं नको. जोडीला घरामागे एक साधा पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याची वेळ तीच. शंभर पोरांनी हे दोन वर्षं केलं तर जो डाटा तयार होईल तो विकत घ्यायला जावं म्हटलं तरी मिळणार नाही.

तिसरं काम फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांचं. सिव्हिलवाल्यांनी जमिनीत खड्डा घेऊन थराथराची पाणी धरायची क्षमता काढावी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी स्वस्त फोटोडायोडचा ऊन-मापक करून चांगल्या यंत्राशी ताडून बघावा. कॉम्प्युटरवाल्यांनी मॉडेल चालवावं. एकच पथ्य पाळायचं: ज्या हंगामावर गुणक बसवले त्याच हंगामावर मॉडेल तपासायचं नाही. पेपर आधी हातात आल्यावर नव्वद मार्क पडले तर त्यात कौतुक कसलं? आपल्याकडे सोलापूर, अकोला, परभणी, दापोली इथे कृषी हवामानशास्त्राच्या समन्वित प्रकल्पाची केंद्रं आहेत. तिथल्या माणसांना पिकं कळतात, आपल्याला यंत्रं कळतात. आपल्या सरांनी एक पत्र लिहिलं तर ही गाठ पडायला काय हरकत आहे?

सबमिशन, ओरल, प्लेसमेंटची धावपळ यात हे कधी करायचं, असं विचाराल. दरवर्षी आपण लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमचा तोच प्रोजेक्ट नाव बदलून चढवतो, त्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच याला लागेल. शिवाय इथे रिझल्ट चुकला तर नुसते मार्क जाणार नाहीत; कुणाच्या तरी हेक्टरचे साडेचार हजार जातील, ही जबाबदारी डोक्यावर राहील. इंजिनिअर व्हायचं तर ती सवय आताच लागलेली बरी.

येत्या मृगाच्या आधी मेसच्या गच्चीवर पहिला पर्जन्यमापक बसवायचा आमचा तिघा-चौघांचा विचार आहे. सकाळी साडेआठला गच्चीवर यायला कोण कोण तयार आहे, त्यांनी नावं सांगावीत. रेक्टर सरांनी गच्चीची किल्ली द्यावी, ही नम्र विनंती.